बटणाची गोष्ट

सोमवार, ३ जून

लागली एकदाची नोकरी. वर्ष होत आलं होतं घरी बसून. जुन्या कंपनीनं एका सकाळी आमचा अख्खा मजला रिकामा केला, आणि त्यानंतर मी इतक्या मुलाखती दिल्या की केस विंचरताना आरशातल्या बाईलाच 'आपल्याविषयी थोडक्यात सांगा' असं म्हणायला लागले होते. शेजारणीनं विचारलं की आई 'ती सध्या घरूनच काम करते' असं सांगायची. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज मात्र गळ्यात ओळखपत्र अडकवून ऐटीत निघाले. धाकट्या भावानं दारात उभं राहून कडक सलाम ठोकला. नव्या नोकरीबरोबर ही नवी वहीसुद्धा. रोज थोडं तरी लिहायचं ठरवलंय, बघू किती दिवस टिकतं.

ऑफिस चौथ्या मजल्यावर. कुंड्यांमधली झाडं खरी आहेत (पान चिमटून पाहिलं, सवय जात नाही). चहाचं यंत्र, बिस्किटांची बरणी, मऊ खुर्च्या. कुणी कुणाला साहेब म्हणत नाही. मॅनेजर इतका गोड बोलतो की मी मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवून टाकलं. सगळे वळून वळून विचारत होते, काही हवं का, रुळलात का. इतकं कौतुक माझं बारशालाही झालं नसेल.

मुलाखतीच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या आणि एकाही फेरीत सॉफ्टवेअरमधलं अक्षर विचारलं नाही. नुसते प्रसंग विचारायचे. कधी चुकलात ते सांगा, कुणासाठी झिजलात ते सांगा. शेवटच्या फेरीत गोडबोल्यानं विचारलं, लहान वयात मोठी जबाबदारी घेतल्याचा प्रसंग सांगा. मी बटणाची गोष्ट सांगितली, आमच्या धाकट्याला बटण्या का म्हणतात ती. सांगताना इतकी रंगले की त्याच्या हातातला चहा निवून गेला. शेवटी तो म्हणाला, तुमच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. तिथेच मला कळलं, आपलं काम झालं. ती गोष्ट इथे लिहीत बसत नाही, हात दुखतोय, आणि घरात ती कितीदा तरी सांगून झाली आहे.

बुधवार, ५ जून

काम सोपं आहे. कंपनी बाकीच्या कंपन्यांसाठी वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर बनवते. मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढून पगार घेणारी बाई. आई म्हणते, घरी हे काम मी फुकट करते. आल्या आल्या काही ठसठशीत चुका सापडल्या. शेजारच्या टेबलावर एक चष्मिस बसतो, स्वभावानं गरीब, दिवसभर एकच अंगाईची चाल गुणगुणत असतो. मुलगी लहान आहे म्हणे. त्याला चुका दाखवल्या. छान आहे, सावकाश बघू, असं म्हणाला. इथे कुणाला कशाची घाई दिसत नाही.

घाई फक्त मुलाखतींची. मजल्याच्या टोकाला पिवळ्या भिंतींची एक खोली आहे, माझ्याही फेऱ्या तिथेच झाल्या. खिडकी नाही. गोल टेबल, चार खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उमेदवार आत जातात, बाहेर येतात. मुलाखत घेणारे आत जाताना लॅपटॉप नेत नाहीत, कागद नेत नाहीत. मी चष्मिसला विचारलं, एवढ्या लोकांचं लक्षात कसं राहतं? राहतं, म्हणाला, आणि मान खाली घालून कामाला लागला.

आज एक चांगलं काम केलं. इथे ओळखीच्यांची नावं सुचवायची पद्धत आहे, मी बटण्याचं नाव दिलं. कोर्स संपून कितीतरी महिने झाले, सगळीकडून नकार येताहेत, आणि पोरगं जेवताना मान वर करत नाही. संध्याकाळी त्याला समोर बसवून शिकवलं. खोटं सांगायचं नाही, हे लोक पकडतात. खरा प्रसंग घ्यायचा आणि अगदी बारीकसारीक सांगायचं, वास कसला होता, आवाज कसला होता. तो म्हणाला, ताई, तू मुलाखत शिकवतेयस की स्वयंपाक? खूप दिवसांनी हसला.

सोमवार, १० जून

दर सोमवारी इथे मोकळी सभा असते. पिवळ्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसतात आणि एकानं आयुष्यातलं काहीतरी मन मोकळं करून सांगायचं. नवीन माणसाचा मान पहिला.

मी अप्पांचं, माझ्या वडिलांचं, सांगितलं. अप्पा पंखे दुरुस्त करायचे. पंखा दुरुस्त झाला की गिऱ्हाइकाला लगेच द्यायचे नाहीत. स्वतः त्याच्याखाली खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचे, तासभर, आवाज ऐकत. मी त्यांच्या पायाशी बसायचे. कुठे खडखडलं की आधी कुणाला कळतं अशी आमची पैज असायची. मी टेस्टर झाले ती तिथेच. अप्पा गेल्यानंतर हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. समोर बघते तर सगळ्यांचे डोळे भरलेले. पोटभर जेवण झाल्यावर माणूस जसा खुर्चीत रेलतो तसे सगळे मागे रेलले होते.

बाहेर आले तेव्हा डोकं एकदम हलकं वाटत होतं. जुनं ओझं उतरल्यासारखं. बरं वाटलं.

शुक्रवार, १४ जून

टेस्टरची खोड आहे, न जुळणारी गोष्ट दिसली की ती खुपत राहते. रोज इतक्या मुलाखती होतात, पण नवीन माणूस एकही येत नाही. रिकामं टेबलच नाही मजल्यावर. मी शेवटची आलेली, आणि माझ्या टेबलाच्या खणात आधीच्या बाईचा कंगवा अजून पडलेला आहे.

आज डबा खाऊन खाली पाय मोकळे करायला गेले, तर मुलाखत आटोपलेला एक वयस्क गृहस्थ काचेच्या दारापाशी उभा होता. हातात टोपी. ती डोक्यावर घालायची की पिशवीत ठेवायची हे ठरत नसल्यासारखा नुसता बघत होता तिच्याकडे. वॉचमन काकांनी त्याचा दंड धरला आणि जपून बसस्टॉपपर्यंत नेऊन सोडला. परत आल्यावर मला म्हणाले, टेन्शन येतं हो लोकांना, रोजचंच आहे.

मला ते रोजचं काही पटलं नाही.

मंगळवार, १८ जून

अक्षर वाकडंतिकडं येतंय, तिकडे दुर्लक्ष.

दुपारी चहाच्या यंत्रापाशी एचआरच्या बाई भेटल्या. गप्पा निघाल्या. त्यांचे वडील म्हणे पंखे दुरुस्त करायचे. पंख्याखाली खुर्ची टाकून डोळे मिटून आवाज ऐकत बसायचे आणि बाई त्यांच्या पायाशी. बोलता बोलता त्यांनी पदराच्या टोकानं डोळे टिपले. मला ती गोष्ट फार आवडली. मी म्हटलं, किती छान माणूस असेल. घरी येऊन इथे लिहून ठेवावी म्हणून वही उघडली, मागचं पान उलटलं, आणि—

दहा तारखेचं पान. अक्षर माझं. अप्पा माझे.

मला आठवत नाही. वाचते आहे तोपर्यंत कळतं, वही मिटली की काहीच नाही. आईला विचारलं, अप्पा काय करायचे? तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं कपाटातून फोटो काढला. खुर्चीत एक माणूस, डोक्यावर पंखा. आई सांगत होती आणि मी शेजाऱ्यांची हकीकत ऐकावी तशी ऐकत होते. चेहरा चांगला आहे त्यांचा.

गुरुवार, २० जून

पहिलं पान वाचलं. 'आमच्या धाकट्याला बटण्या का म्हणतात ती.' का म्हणतात?

आईला विचारलं. ती म्हणाली, अगं मी कुठे होते घरी तेव्हा, मी कामावर. तुम्हा दोघांनाच ठाऊक काय झालं ते. रंगवून सांगायचीस ती तूच, मी ऐकायचे आणि माझ्या छातीत धडधडायचं म्हणून अर्ध्यातून उठून जायचे.

मग त्याला विचारलं. जेवत होता. आधी हसला. मी परत विचारलं, तसा चेहरा पडला. आयुष्यात तू माझ्यासाठी केलेली एवढी एकच मोठी गोष्ट, म्हणाला, आणि ती तू विसरलीस? ताट घेऊन आत गेला. मी मागे गेले, म्हटलं सांग ना. सांगणार नाही म्हणाला. तूच आठव.

सोमवार, २४ जून

चष्मिसला जिन्यात गाठलं. आधी टाळाटाळ केली, मग वर खाली बघून हळूच बोलला. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

त्या खोलीत मनापासून सांगितलेलं सांगणाऱ्याकडे राहत नाही. ऐकणाऱ्याचं होतं. कंपनी काढणारे म्हणायचे, एका घरात माझं-तुझं कशाला. त्यांनी आधी एकमेकांना सगळं सांगून टाकलं. मग आत काही उरेना. मग भूक लागायला लागली. तेव्हापासून मुलाखती. जागा कुठे आहेत इथे, तो म्हणाला, ज्याच्याकडे फारच भरलेलं असेल त्याला ठेवून घेतात. तुमच्यासारखं.

त्याला मुलीचा जन्म आठवत नाही. बायको म्हणते, उरलंय तेवढं घेऊन घरी या. त्यानं राजीनामा दिलाय. पण जाताना शेवटची मुलाखत द्यावी लागते, त्याशिवाय अनुभवाचं पत्र मिळत नाही. पत्र नसेल तर दुसरीकडे दारात उभं करत नाहीत. माझ्या जुन्या कंपनीच्या पत्रातसुद्धा एक ओळ कमी होती, त्यापायी वर्ष गेलं माझं. पत्राचं महत्त्व मला नका सांगू.

त्याला म्हटलं, खोटं सांगा. तो म्हणाला, खोट्यानं त्यांचं पोट भरत नाही.

शुक्रवार, २८ जून

चष्मिस सकाळच्या चहानंतर आत गेला. डब्याची वेळ टळून गेल्यावर बाहेर आला.

त्याची बायको मुलीला घेऊन खाली थांबली होती. मी मुद्दाम त्याच्याबरोबर लिफ्टनं उतरले. मुलगी पळत आली आणि पायाला बिलगली. त्यानं तिला अगदी अदबीनं बाजूला केलं, बायकोला नमस्कार केला आणि विचारलं, "कुणाला भेटायचंय आपल्याला?"

ती बाई रडली नाही. मटकन खाली बसली. मुलगी एकदा आईकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. हातात अनुभवाचं पत्र घट्ट धरून तो उभा होता.

वर आले. गोडबोल्या खिडकीशी उभा राहून काहीतरी गुणगुणत होता. अंगाईची चाल.

मी त्या घाणीत माझ्या भावाचं नाव माझ्या हातानं दिलंय.

सोमवार, १ जुलै

बटण्याच्या मुलाखतीची तारीख ठरली, पंधरा. त्याला पत्र आलं, घरात आनंदीआनंद. आईनं देवापुढे दिवा लावला आणि मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

सभेत पुन्हा माझी पाळी. मी ठरवून खोटं सांगितलं, मैत्रीण, सहल, हरवलेली पिशवी, काहीबाही. गोडबोल्यानं चहाचा घोट घेतला. मग दुसरा. खरं ऐकताना तो चहा पीत नाही. सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन अगदी प्रेमानं म्हणाला, तुम्ही आमच्यात मिसळत नाही आहात असं वाटतंय, शेवटची मुलाखत लवकर घ्यायला लागू नये.

मी विचारलं, भावाचं नाव मागे घेता येईल का? तो म्हणाला, आता ते त्याच्या हातात.

बुधवार, ३ जुलै

बटण्याला सगळं सांगितलं. आईसमोर, वही पुढे ठेवून. आधी त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, तुला मी तिथे नको असेन तर सरळ सांग, भुताखेताच्या गोष्टी कशाला? मी चिडले, नाही नाही ते बोलले. तोही बोलला. वर्षभर तू घरी होतीस तेव्हा मी कधी एक शब्द काढला का, म्हणाला. खरं आहे. नाही काढला.

मी पाया पडले त्याच्या. मोठी बहीण असून. तेव्हा तो घाबरला आणि कबूल झाला, खोटी गोष्ट सांगेन. आम्ही दोघांनी बसून एक रचली, कॉलेजात स्पर्धा, ऐन वेळी वीज गेली वगैरे. त्यानं पाठ केली. पण त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून कान लाल होतात.

मग आज मला सुचलं. नाव सुचवणाऱ्याशी आधी बोलतात, उमेदवार कसा आहे ते विचारतात. सोमवारी मला बोलावलंय. मी त्याच्याबद्दल इतकं वाईट सांगीन की ते त्याला दारातही उभं करणार नाहीत.

सोमवार, ८ जुलै

झालं! लिहिताना हसू येतंय.

पिवळ्या खोलीत बसवलं. आधी खोटंच सांगायला गेले, चोर आहे, दारू पितो. गोडबोल्यानं चहा प्यायला. तेव्हा मी विचार केला, खऱ्याला काय तोटा आहे? वाईट आठवणी गेल्या तर गेल्या. सगळे सल बाहेर काढले. पट्टी मोडून माझ्या दप्तरात ठेवली ते. माझ्या पहिल्या पगाराच्या घड्याळाची वाट लावली ते. अप्पांच्या आजारपणात खेळायला पळून जायचा आणि मी एकटी दवाखान्यात. परीक्षा बुडवून आठवडाभर आईपासून लपवलं आणि रात्री माझ्या पांघरुणात शिरून कबूल केलं. किती त्रास दिलाय त्यानं! बोलत गेले तसतसं एकातून एक निघत गेलं, मारामाऱ्या, रुसवे, खाऊची भांडणं, तापात माझा हात धरून झोपला ते, पुन्हा मारामाऱ्या. थांबताच येईना. माझे गाल भिजले होते. वाटलं, किती राग साठला होता माझ्यात.

बोलून झालं तेव्हा गोडबोल्याचा चहा भरलेला होता, थंड.

आता नाही बोलवणार त्याला. वाचला. डोकं इतकं हलकं झालंय की जिना चढून आले ते कळलंच नाही.

मंगळवार, ९ जुलै

सकाळी स्वयंपाकघरात एक मुलगा चहा करत होता. मी दारातच थांबले. त्यानं कप पुढे केला, म्हणाला, ताई, साखर कमी घातलीय. मी आईला हळूच विचारलं, हा कोण, कधी आला?

आई ज्या तऱ्हेनं माझ्याकडे बघायला लागली—

वही वाचली. सगळी. वहीत लिहिलंय हा माझा भाऊ. असेल. अक्षर तर माझंच.

थंड चहा. काल चहा थंड होता. मूर्ख बाई, खरं सांगत होतीस तू. खऱ्याच्या चुका काढत होतीस, आणि त्या चुकाच तर—

तो दिवसभर घरात होता. मला बघून उठून उभा राहायचा. त्याचे हात मोठे आहेत. चांगला मुलगा वाटतो. मला त्याच्यासाठी रडता येत नाही, हे भयंकर आहे, आणि हे भयंकर आहे एवढं कळतंय, बाकी काही नाही.

गुरुवार, ११ जुलै

पत्र मागे घेतलेलं नाही. मुलाखत होणारच. गोडबोल्या म्हणाला, इतक्या मायेनं कुणी कुणाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं, बोलवायलाच हवं.

त्या मुलाला सांगितलं, जाऊ नका. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी त्याला अहो-जाहो केलं म्हणून.

म्हणाला, आता तर मी येणारच. तुला आणायला.

शुक्रवार, १२ जुलै

भूक. जेवण जातंय पण भूक जात नाही. छातीच्या खाली, आत. खणातला कंगवा हातात घेऊन बसते, कुणाचा तरी आहे, कुणाचं तरी काहीतरी—

एचआरच्या बाई म्हणाल्या, आता तुम्ही तयार झालात. मला आत बसवलं. एक शिक्षिका आली होती. तिच्या वर्गात एक मुका मुलगा होता, तो वर्षअखेर पहिल्यांदा बोलला ते सांगत होती. मी नको नको म्हणत होते मनात. कान बंद करायला हवे होते. नाही केले.

माझा विद्यार्थी. खिडकीतलं ऊन, खडूची धूळ, त्याचा तो घोगरा पहिला शब्द. किती दिवसांनी पोट भरलं.

ती बाई दाराशी पर्स शोधत होती. खांद्यालाच होती.

रविवार, १४ जुलै

आई दाराला पाठ लावून बसलीय. उद्या दोघांनाही जाऊ देणार नाही म्हणते. मुलगा तिची समजूत घालतोय.

भूक—

उद्या सोमवार. बरं झालं.

सोमवार, १५ जुलै. दुपार, माझ्या टेबलावर

पटकन लिहिते. काहीतरी झालं. लिहिलं नाही तर—

पहिलाच उमेदवार. तरुण. गोडबोल्यानं मला विचारलं, ओळखता का? मी म्हटलं, घरात दिसतो, पण ओळखत नाही. खरंच नाही. तो आला, बसला, माझ्याकडे बघत राहिला. आधी कॉलेजातली स्पर्धा, वीज गेली वगैरे सांगायला लागला. कान लाल झाले होते. गोडबोल्यानं चहाचा कप उचलला. मला इतका कंटाळा आला, इतकी भूक, मी म्हटलं, हे राहू द्या, खरं काही असेल तर सांगा.

मी म्हटलं. मीच.

तो थांबला. खिशातून एक निळं बटण काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "ताई, तुला हवी होती ना ती गोष्ट? ऐक. मग घरी जाऊ."

आणि सांगितली. तो लहान होता. आई कामावर. शर्टाचं पांढरं बटण त्यानं गिळलं. ताई दुसरीत का तिसरीत असेल, तिनं त्याला पाठीवर घेतलं आणि अनवाणी पळाली दवाखान्यापर्यंत. डांबर तापलं होतं. तिला वाटलं हा झोपला तर मरेल. म्हणून पळता पळता ओरडत होती, आकडे म्हण, थांबू नकोस. त्याला एकोणतीसच्या पुढे येत नव्हतं. तिथे अडला की ती तीस सांगायची, तो परत पहिल्यापासून. डॉक्टर हसले, काही होत नाही म्हणाले. तेव्हा ती रडली, पायाला फोड आलेले. आईला कळू नये म्हणून घरी येऊन तिनं आपल्या फ्रॉकचं निळं बटण कापून त्याच्या शर्टाला लावलं. वाकडं. पुढे शर्ट फाटला, बटण त्यानं जपून ठेवलं. मग एकातून एक, ताईचं होतं नव्हतं ते सगळंच सांगत गेला.

हे सांगताना तो एकदाही दुसऱ्या कुणाकडे बघत नव्हता. फक्त माझ्याकडे. मला आठवेल म्हणून.

चहा थंड झाला. सगळे मागे रेलले. मीही.

मग तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. टेबलाकडे बोट दाखवून मला म्हणाला, "बाई, तुमचं बटण पडलंय वाटतं."

बटण माझ्या मुठीत आहे.

आता मला आठवतंय. सगळं. पाठीचा घाम, वेणीचं टोक तोंडात जातंय, गचके. मी लहान. मी तिच्या पाठीवर. माझ्या घशात ते बटण. माझी ताई पळतेय—

मला ताई आहे. कशी विसरले? कुठे आहे ती? इतकी पळाली माझ्यासाठी. मुठीत तिचं बटण आहे आणि ती कुठे आहे हे मला—

खिडकीतून दिसतंय, वॉचमन काका कुणा तरुणाला दंड धरून बसस्टॉपकडे नेताहेत. त्याला विचारायला हवं. इथे कुणाची ताई पाहिलीत का. वळून वर बघतोय. नाही, नुसताच बघतोय.

झोपायचं नाही. ती म्हणाली होती. आकडे म्हणायचे, म्हणजे ती येईल. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

पुढचा ती सांगते. ती सांगेपर्यंत थांबायचं.

एकोणतीस.

ताई

एकोणतीस, ताई, पुढे—